तेरडा: पहिल्या वर्षी पेरायचा, पुढे ओळखायचा आणि निवडायचा

घरच्या बागेत पहिल्यांदा हात घालणाऱ्याने कुठल्या फुलापासून सुरुवात करावी असं कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून तेरडा सांगते. गुलाबाला छाटणी कळावी लागते, शेवंतीसाठी थंडीची वाट पाहावी लागते, मोगऱ्याला दिवसभराचं कडक ऊन हवं. तेरड्याला पाऊस आणि निचऱ्याची माती एवढं मिळालं की दीड-दोन महिन्यांत फूल दिसतं. पुढच्या पावसाळ्यात तर तो आपला आपणच उगवतो.

या आपोआप उगवण्यामुळेच नवखी माणसं गोंधळतात. पेरायचं काम पहिल्या वर्षापुरतं असतं. त्यानंतर दरवर्षी दोनच कामं उरतात, रोप ओळखणं आणि कुठलं ठेवायचं ते ठरवणं. बोटभर रोप ओळखता आलं नाही तर तण समजून उपटलं जातं. आणि उपटायला जीव होत नसेल तर तिसऱ्या वर्षी वाफा दाटीवाटीने वाढलेल्या, उंच, मलूल, फिकट तेरड्याने भरून जातो. म्हणून या लेखात पेरणीपेक्षा ओळख आणि निवड यांवर जास्त लिहिलं आहे.

आधी ओळख नीट करून घ्या

बागेतल्या तेरड्याचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्सामिना. तो मूळचा आपल्याकडचाच, भारत आणि म्यानमारच्या भागातला. सह्याद्रीत घाटरस्त्यांच्या कडेला, ओल्या बांधांवर ऑगस्ट-सप्टेंबरात एकेरी गुलाबी फुलांचा जो तेरडा दिसतो, तो आणि बागेतला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा एकाच जातीचे. बागेतले प्रकार माणसांनी पिढ्यान्पिढ्या निवडून तयार केले आहेत.

रोप गुडघ्याएवढं वाढतं, चांगल्या जमिनीत थोडं अधिक. खोड जाड, गुळगुळीत, पाण्याने भरलेलं. उन्हाकडे धरलं तर आतून उजेड झिरपतो. पानं लांबट, टोकदार, कडेला करवतीचे बारीक दाते. ती खोडावर एकाआड एक, चढत्या वळणाने लागतात. पानाच्या देठाजवळ बारकाईने पाहा. तिथे कडेला काळपट, टाचणीच्या टोकाएवढ्या ग्रंथींच्या जोड्या दिसतील. त्यांतून गोड रस पाझरतो, म्हणून तेरड्यावर मुंग्या फिरताना दिसतात. त्या झाडाला काही करत नाहीत, त्यांच्यावर फवारणी करू नका.

खरी खूण फुलांच्या जागेत आहे. तेरड्याची फुलं शेंड्यावर तुऱ्यात येत नाहीत; पानाच्या बेचक्यात, खोडाला चिकटून, एकेकटी किंवा दोन-तीन मिळून येतात. बरेचदा वरची पानंच फुलांना झाकतात. एकेरी फूल हातात घेऊन उलटं करा. मागच्या बाजूला एक बारीक, वळलेली, पोकळ शेपटी दिसेल. मध त्या शेपटीत असतो. रंग पांढरा, गुलाबी, लाल, जांभळा, आणि पांढऱ्यावर ठिपके असलेलाही.

नर्सरीत 'इम्पेशन्स' म्हणून जी रोपं मिळतात ती बहुतेक वेळा दुसऱ्याच जातींची असतात. पूर्व आफ्रिकेतली इम्पेशन्स वॉलेरियाना पसरट, चपट्या फुलांची. तिची फुलं पानांच्या वर येतात. न्यू गिनीकडची जात मोठ्या, चकचकीत पानांची असते. दोन्ही सुंदर आहेत, पण या लेखातली वेळापत्रकं त्यांना लावू नका.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर सप्टेंबरात जो गुलाबी तेरडा पसरतो, तोही वेगळा. तो वीतभर उंचीचा इम्पेशन्स लॉई. त्याच्या शेजारी पिवळ्या फुलांचा इम्पेशन्स डालझेली आणि ओल्या कातळांना चिकटून वाढणारा इम्पेशन्स अकॉलिस असे नातेवाईक सह्याद्रीत ठिकठिकाणी आहेत. यांतलं एकही रोप किंवा बोंड घरी आणू नका. कातळावरची दोन बोटं माती, सततचं धुकं आणि विशिष्ट ओल यांवर ती जगतात. कुंडीत ती आठवडाभरात मरतात आणि पठारावरचं बी तेवढं कमी होतं. कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण यादीत नसलेल्या पठारांनाही हेच लागू.

इंग्लंड-युरोपात राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. तिथे नदी-ओढ्यांच्या काठी माणसापेक्षा उंच, लालसर खोडाचा, गुलाबी फुलांचा तेरडा दिसतो. तो हिमालयातला इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा. १८३९ मध्ये तो बागेसाठी ब्रिटनला नेला आणि तिथून सुटून त्याने नदीकाठ व्यापले. त्याचं बी सात मीटरपर्यंत उडतं. ब्रिटनमध्ये तो रानात लावणं कायद्याने मना आहे आणि २०१७ पासून युरोपीय संघाच्या आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ओळख सोपी आहे. त्याची पानं समोरासमोर किंवा तीन-तीनच्या फेऱ्यात लागतात आणि बोंडं गुळगुळीत असतात. आपल्या तेरड्याची पानं एकाआड एक आणि बोंडं लवदार. घराची आठवण येते म्हणून त्या नदीकाठच्या झाडाचं बी आणू नका. आपल्या तेरड्याचं पाकीट घ्या आणि शेवटचं हिमतुषार होऊन गेल्यावर पेरा.

बी कुठून आणाल

बियाण्यांच्या दुकानात तेरड्याचं पाकीट सहज मिळतं. 'डबल' किंवा 'कॅमेलिया' लिहिलेलं घेतलं तर दुहेरी फुलं येतात. बी गोल, तपकिरी-काळं, मोहरीपेक्षा जरा मोठं. एका ग्रॅममध्ये साधारण शंभर-सव्वाशे बिया. म्हणजे घरच्या बागेला एक ग्रॅम खूप झालं. शेजाऱ्यांकडे आवडता रंग दिसला तर फूल मागण्याऐवजी दहा बिया मागा, कुणी नाही म्हणत नाही.

दुसरी वाट गौरींची. कोकणात आणि मुंबईत बऱ्याच घरी गौर तेरड्याच्या रोपांची असते. रोपं मुळांसकट आणतात, मुळं म्हणजे गौरीची पावलं मानतात. त्या दिवसांत दादरसारख्या बाजारात तेरड्याच्या जुड्या रचलेल्या असतात. त्या रोपांवर फुलांबरोबर बोंडंही असतात. विसर्जनाआधी पिकलेली, फुगीर बोंडं तेवढी हलक्या हाताने एका वाटीत काढून घ्या. ही एकेरी गुलाबी फुलांची, रानातली, काटक जात. नवख्या माणसाला मी दुकानातल्या दुहेरीपेक्षा हीच सुचवीन, कारण ती चुका सोसते.

पेरणी: गौरीकडून उलटं मोजा

महाराष्ट्रात जूनमध्ये पाऊस नीट सुरू झाल्यावर पेरा. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून पेरलं आणि मग पंधरा दिवस पावसाने दडी मारली, तर कोवळी रोपं उन्हात वाळतात. झारीने पाणी द्यायची तयारी असेल तर मेअखेर पेरायलाही हरकत नाही.

गौरीला घरची फुलं हवी असतील तर तारखेकडे बघा. बी पेरल्यापासून भरपूर फूल यायला साधारण साठ दिवस धरा. गणेशचतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. दरवर्षी त्याच तारखेला पेरलं तर कधी फुलं आधीच ओसरतात, कधी कळ्याच राहतात. म्हणून गौरी ऑगस्टअखेर असतील तेव्हा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरच्या मध्याला असतील तेव्हा जुलैच्या मध्यावर मुख्य पेरणी करा. शक्य असेल तर पंधरा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत पेरा. पाऊस लांबला तरी एक हप्ता साधतोच.

मातीचा निचरा सगळ्यात महत्त्वाचा. खोड पाण्याने भरलेलं असल्यामुळे मुळाशी पाणी साचलं की बुंधा तपकिरी होऊन सडतो आणि उभं रोप एका रात्रीत आडवं होतं. काळ्या चिकण मातीत वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा आणि थोडी वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. कुंडीसाठी अर्धी बागेची माती, पाव भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, पाव भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). खालचं भोक खापरीच्या तुकड्याने झाका. कुंडी दहा इंची असेल तर एकच रोप, बारा-चौदा इंची असेल तर तीन.

बी खोल टाकू नका. वाफ्यावर तीन-चार बोटांच्या अंतराने टाका, वरून बियांच्या जाडीएवढीच माती भुरभुरा आणि बारीक झारीने भिजवा. धो धो पाऊस असेल तर पहिले काही दिवस वर जुनी शेडनेट किंवा बांबूच्या काड्यांवर गोणपाट धरा, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. उबदार हवेत आठवडाभरात कोंब दिसतात.

रोप ओळखणं

या टप्प्यावर घाई करू नका. पहिल्या वर्षी तुम्ही बी कुठे टाकलं ते ठाऊक असतं, म्हणून ओळख पक्की करायची हीच वेळ. पुढच्या वर्षी रोपं कुठेही येतील.

तेरड्याची पहिली दोन दलं, म्हणजे बी फुटताच दिसणारी पानं, जवळजवळ गोल, जाडसर, रसरशीत असतात आणि त्यांच्या टोकाला मध्यभागी बारीकशी खाच असते. रोप जेमतेम बोटाच्या पेराएवढं असतानाही त्याचा दांडा भरीव, पाणीदार दिसतो. बोटांत धरला तर थंड लागतो. मग येणारी खरी पानं सुरुवातीला जोडीने येतात, लांबट आणि दातेरी. पुढे एकाआड एक पानं यायला लागली की शंका राहत नाही.

सोबत उगवणारी तणं वेगळी ओळखा. टाकळ्याची पहिली दलंही गोलसर असतात, पण लगेच येणारं पान संयुक्त, जोड्यांच्या पानांचं असतं आणि रात्री मिटतं. आघाड्याचं रोप लवदार, दांडा काटक, पानं समोरासमोर, कडा सलग. केना तर गवतासारखाच एकाच दलाचा. तरीही मन खात्री देत नसेल तर एक रोप उपटून त्याचा दांडा नखाने दाबा. तेरड्याचा दांडा फुटून पाणी येतं, चीक येत नाही. दुधी नावाचं तण असेल तर पांढरा चीक लगेच दिसेल.

आणखी एक फायद्याची खूण. दांड्याचा रंग पाहा. पांढऱ्या फुलांच्या रोपाचा दांडा बहुधा स्वच्छ पोपटी असतो. गुलाबी, लाल, जांभळ्या फुलांच्या रोपाच्या दांड्यावर, विशेषतः बुंध्याशी आणि पेरांवर, लालसर झाक असते. म्हणजे फूल यायच्या महिनाभर आधीच रंगाचा अंदाज येतो, आणि विरळणी करताना हाताशी आधार राहतो.

विरळणी आणि पुनर्लागवड

रोपांना चार ते सहा खरी पानं आली की विरळणी करा. दोन रोपांत वीतभर, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर हवं. हे अंतर जाहिरातीतल्या दाट फुलांच्या फोटोंपेक्षा जास्त वाटेल, पण गर्दीत वाढलेला तेरडा उंच, पोकळ आणि खालून उघडा होतो, त्याला भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, लवकर धरते आणि वाऱ्याने तो लवंडतो. जास्तीची रोपं ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट खुरप्याने उचला आणि दुसरीकडे लावा. दोन दिवस माना टाकतील, मग सावरतील. देण्यासारखी रोपं असतील तर हाच देण्याचा काळ. फुलं लागल्यावर हलवलेला तेरडा क्वचितच तग धरतो.

शेंडा खुडावा का, यावर बागकाम करणाऱ्यांत दोन मतं आहेत. खुडला की रोप फांद्या फोडतं आणि झुडपासारखं होतं. पण मुख्य खोडावर जी मोठी, भरगच्च फुलांची ओळ येते ती मग येत नाही, आणि फुलं लागायला उशीरही होतो. जमिनीत लावलेल्या तेरड्याचा शेंडा मी कधीच खुडत नाही. कुंडीत ठेंगणं रोप हवं असेल तर सहा पानांवर एकदा खुडा, पुन्हा नको.

ऊन, पाणी, खत

सकाळचं चार-पाच तास ऊन पुरतं. पावसाळ्यात दिवसभराचं ऊनही चालतं; ऑक्टोबरच्या उन्हात मात्र दुपारची सावली हवी. पूर्वेकडची बाल्कनी यासाठी फार छान.

भर दुपारी पानं लोंबली की माणसं धावत पाणी घालतात. आधी बोट मातीत दोन पेरांपर्यंत घाला. ओल लागली तर थांबा, संध्याकाळी रोप आपोआप ताठ होतं. कोरडी लागली तर भरपूर पाणी द्या. मुळं उथळ असल्यामुळे पाऊस उघडल्यावर चार-पाच दिवसांतही माती सुकते. पालापाचोळ्याचं पातळ आच्छादन केलं की ओल टिकते. ते बुंध्याला मात्र टेकू देऊ नका.

खत बेताचं. पेरताना घातलेलं शेणखत आणि कळ्या दिसायला लागल्यावर मूठभर गांडूळखत, बस. युरिया अजिबात नको. खोड फुगतं, पानं मोठी होतात, फुलं पानांआड लपतात आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात झाड मोडतं.

कीड आणि रोग

पावसाळ्यात कोवळी रोपं बुंध्याशी बारीक होऊन कोलमडतात, ती बुरशीने होणारी मर. औषधापेक्षा निचरा आणि अंतर यांचाच उपयोग होतो. गेलेलं रोप लगेच उपटून बाहेर टाका. सप्टेंबरनंतर पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसली तर खालची पानं काढून हवा खेळती ठेवा. हंगाम संपत आलेला असतो, फार धडपड करू नका. शेंड्यावर मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा किंवा निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा.

एक दिवस मात्र सकाळी रोपाचा अर्धा शेंडा नाहीसा झालेला दिसेल आणि खाली मातीवर काळ्या, जाड लेंड्या पडलेल्या असतील. पानं उलटून बघा. बोटाएवढी जाड, काळपट अळी सापडते. अंगाच्या दोन्ही बाजूंनी पिवळ्या-केशरी डोळ्यांसारख्या ठिपक्यांची ओळ आणि मागच्या टोकाला एक बारीक शेपूट, चालताना ती पुढे-मागे हलवते. ही हॉक मॉथ नावाच्या मोठ्या पतंगाची अळी. तेरडा तिचं आवडतं खाद्य. ती चावत नाही, विषारी नाही. सहा-सात रोपं असतील तर एक कोपऱ्यातलं रोप तिला द्या आणि बाकीच्यांवरून उचलून तिथे सोडा. पोट भरलं की ती मातीत उतरून कोष करते. तिच्यासाठी विष फवारलं तर फुलावर येणाऱ्या मधमाश्याही मरतात, आणि मधमाश्यांवाचून बोंडं नीट भरत नाहीत.

फूल उमलल्यावर

'तेरड्याचा रंग तीन दिवस' हे एका फुलापुरतं खरं आहे. झाडावर मात्र खालून वर अशी फुलं येत राहतात आणि बहर महिना-दीड महिना सहज चालतो.

एकेरी फुलात रोज थोडा वेळ डोकावून पाहा. उमललेल्या फुलाच्या तोंडाशी, वरच्या बाजूला, परागकोश एकत्र जुळून झालेली पांढरट टोपी असते. येणाऱ्या माशीच्या पाठीला तिचे पराग लागतात. पुढे ती टोपी अख्खी गळून पडते आणि तिच्याखाली झाकलेलं स्त्रीकेसर उघडं होतं. म्हणजे तेच फूल आधी पराग देतं, नंतर घेतं. त्यामुळे दोन रंगांचे तेरडे शेजारी असतील तर त्यांचं बी मिसळतं. पुढच्या वर्षीच्या निवडीसाठी ही गोष्ट लक्षात ठेवायची आहे.

तेरड्याच्या पानाफुलांत मेंदीतल्या रंगद्रव्याशी नातं सांगणारी द्रव्यं असतात. कोरियात मुली पाकळ्या आणि पानं तुरटीबरोबर ठेचून नखांवर बांधतात, रात्रभरात नखं केशरी होतात. घरच्या मुलींना करून बघायला हरकत नाही, पांढरे कपडे तेवढे लांब ठेवा. पानं कच्ची तोंडात घालू देऊ नका. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, जीभ आणि घसा खाजतो.

निवड: बोंड धरायच्या आत

बहुतेक माणसं वर्षभर तेरडा सांभाळतात आणि नेमकं हेच काम विसरतात. पुढच्या वर्षी तुमच्या वाफ्यात काय उगवणार हे यंदा कुठल्या झाडांना बोंड धरू दिलं त्यावर ठरतं.

पहिली दोन-तीन फुलं उमलली की प्रत्येक झाडासमोर थांबा. रंग आवडला का? फूल पानांच्या बाहेर दिसतं का? खोड ताठ आहे का? पाऊस-वारा सोसून उभं राहिलेलं, भुरी न धरलेलं झाड कुठलं? अशा चार-पाच झाडांना लोकरीचा धागा बांधा. जी झाडं नको आहेत ती पहिली बोंडं फुगायच्या आत उपटून खतात टाका. दुहेरी फुलांची जात टिकवायची असेल तर एकेरी झाडं निघालीच पाहिजेत, नाहीतर दोन-तीन वर्षांत दुहेरी फूल शोधावं लागतं. फूल आलेलं झाड उपटताना मन खातं हे खरं. देवाला, फुलदाणीला वाहा. पण बागेत ठेवू नका.

मला स्वतःला एकेरी गुलाबीच आवडतो, आणि माझ्या वाफ्यात निवड उलटी चालते.

बोंडं पकडणं

बोंड दीड-दोन सेंटिमीटरचं, दोन्ही टोकांना निमुळतं, मधे फुगीर आणि बारीक लवेने भरलेलं. कच्चं असताना घट्ट आणि गडद हिरवं. पिकत आलं की रंग फिका, पिवळसर होतो, साल ताणली जाते आणि उजेडात आतल्या बियांच्या काळपट सावल्या दिसतात.

आता डाव्या हाताचा पंजा खाली ओंजळीसारखा धरा आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी बोंड टोकाकडून हलकेच दाबा. टच् असा आवाज येतो. सालीच्या पाच पट्ट्या घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या आत गुंडाळल्या जातात आणि बिया तळहातावर आपटतात. त्या पट्ट्यांत पाण्याचा दाब साठलेला असतो, जोडावरची शिवण सुटली की तो एका क्षणात मोकळा होतो. ओंजळ नसेल तर बिया दोन-तीन हात लांब जाऊन पडतात. मुलं हा खेळ तासन्‌तास खेळतात. त्यांना वाटी देऊन कामाला लावा. ज्यांच्यावर धागा बांधला आहे ती झाडं मात्र स्वतःच्या हाताने.

दिवसभर घरी नसाल तर पिकत आलेल्या बोंडांवर मलमलीच्या किंवा जुन्या ओढणीच्या तुकड्याची सैल पुरचुंडी बांधा. फुटलेलं बी आतच राहतं. प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका, आत वाफ धरून बी कुजतं.

काढलेलं बी ताटात पसरून सावलीत आठवडाभर वाळवा, कागदाच्या पुडीत भरा, पुडीवर रंग आणि साल लिहा, आणि पुडी कोरड्या बरणीत ठेवा. सगळं बी काढून घेऊ नका. धागा बांधलेल्या झाडांची शेवटची बोंडं झाडावरच फुटू द्या. पुढच्या वर्षी आपोआप उगवणारा तेरडा त्यांतूनच येतो.

दुसऱ्या वर्षापासून

ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाडं पिवळी पडून मऊ होतात. ती मुळासकट काढून टाका, पण वाफा खोल खणू नका. बी वरच्या बोटभर मातीत आहे. खोल गेलं तर बरंचसं उगवत नाही. भाजीसाठी वाफा हवाच असेल तर वरची तीन-चार बोटं माती आधी एका घमेल्यात काढून ठेवा आणि मेमध्ये पुन्हा पसरा. जाड आच्छादनही मेच्या मध्यापर्यंत बाजूला करा, दलं त्याखालून वर येऊ शकत नाहीत. वाफ्याला हिवाळ्यात पाणी मिळत राहिलं तर काही बिया लगेच उगवतात आणि ठेंगणी झाडं थंडीत थोडी फुलं देतात. ती राहू द्यायला हरकत नाही, फक्त मुख्य बहर त्यांच्यावर सोपवू नका.

वळवाच्या सरींनंतर पहिली फळी उगवेल. त्यांतली निम्मी रोपं जूनच्या उघडिपीत वाळतील. घाबरू नका, आणि त्यांना वाचवायला रोज पाणीही घालत बसू नका. पाऊस स्थिर झाला की दुसरी फळी येते आणि तीच दमदार वाढते. तोवर खुरपणी थांबवा. दलांवरची खाच दिसेपर्यंत वाफ्यातल्या कुठल्याही रोपाला हात लावायचा नाही, एवढा नियम घरातल्या सगळ्यांना आणि बागेला येणाऱ्या माळीदादांनाही सांगून ठेवा.

बी पावसाच्या पाण्याबरोबर वाहतं, म्हणून पायवाटेच्या फटीत, शेजारच्या कुंडीत, पन्हळीखाली रोपं निघतील. हवी ती चार पानांवर उचलून वाफ्यात आणा. ओढ्यालगत किंवा रानाला लागून बाग असेल तर दुकानातल्या दुहेरी जातींचं बी कुंपणापाशी पडू देऊ नका. पलीकडच्या बांधावर रानातला तेरडा असतो आणि मधमाशी कुंपण ओलांडते. अशा बागेत वाफा घराच्या बाजूला घ्या, किंवा सरळ रानातलीच एकेरी जात वाढवा.

नवा रंग आणलात तर पहिलं वर्ष तो वेगळ्या कुंडीत, जुन्या वाफ्यापासून लांब ठेवा. पसंत पडला तर त्याचं बी पुढच्या जूनमध्ये वाफ्यात टाका.